अपेक्षित उत्तर

"तीन," फोनवर मोरेश्वर म्हणाला. "डोळे मिटून तीन लिही आणि मोकळा हो."

गुरुदत्त आर्डमोरच्या छोट्या विमानतळावर धावपट्टीलगत गाडी लावून बसला होता. समोरच्या पत्र्याच्या शेडवर स्वयंसेवी हवाई शोधपथकाचा फलक होता. परीक्षेला दहा मिनिटं उरली होती.

"नक्की ना? यंदा बदललं असलं तर?"

"अरे, दरवर्षी तीनच असतात. गेल्या वर्षी डमींची जाकिटं मीच धुतली. ढिगाने लोक चार-पाच लिहून आपटतात. पाणी चमकलं की माणसाला काहीही दिसतं. तू रिलॅक्स राहा, स्वीट ॲज, सगळं मस्त होईल."

मोरेश्वर दोन वर्षांपूर्वी पथकात लागला. काम जमिनीवर बसून रेडिओ सांभाळायचं; पण ते पथकाचं जाकीट चढवून तो पापाकुरा उपनगरातल्या मराठी मंडळींत असा वावरायचा, की रोज दोन माणसं स्वतः बाहेर काढतो असं वाटावं. गुरुदत्तला त्याचा मनापासून हेवा वाटायचा.

स्वतः गुरुदत्तने गेल्या वर्षी जे दिसलं ते लिहिलं होतं. पाच. त्यातले दोन कोळ्यांचे बोये निघाले. 'पुढच्या वर्षी जरूर या' असं गोड पत्र घरी आलं. बारा वर्षं या देशात काढून आपण अजून पाहुणेच, असं त्याला ते पत्र वाचून वाटलं आणि फार लागलं. "इट्स ओके, डॅड," असं ओवी म्हणाली, ते त्याहून लागलं. यंदा नापास होऊन घरी जायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

उमेदवार तिघे होते. 'ते-रापा' गावच्या दूध कारखान्यात काम करणारी हिने नावाची बाई, निवृत्त शिक्षक कॉलिन आणि तो. "किया ओरा," असं माओरीत स्वागत करत केविन नावाच्या परीक्षकाने तिघांच्या हातात एकेक पॅड दिलं. नियम सोपे होते. विमान मनुकाऊच्या खाडीवर दोन फेऱ्या मारणार. पाण्यात नारिंगी जाकिटं घातलेले डमी असतील, ते किती हे लिहायचं. निकाल लागेपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. आकडा वैमानिकालाही सांगितलेला नव्हता. त्याने आपलं विमान चालवायचं.

ओहोटी लागली होती. पहिला डमी जेटीपाशी लगेच दिसला. दुसरा आणि तिसरा वाळूच्या पट्ट्याजवळ, एकमेकांपासून जरा दूर. गुरुदत्तने पॅडवर तीन रेघा ओढल्या आणि खुशीत मागे टेकून बसला. मोरेश्वर फेकाडा असला तरी या बाबतीत पक्का निघाला.

दुसऱ्या फेरीत खारफुटीच्या कडेला त्याला चौथा दिसला.

त्याने काच पुसली. नारिंगी जाकीट होतं, बोया नव्हता. लाटेबरोबर एक हातसुद्धा वर-खाली होत होता. डमी बनवणाऱ्याने मेहनत घेतली होती. गुरुदत्तची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. गेल्या वर्षीही त्याला अशीच खात्री वाटली होती. चमकणारं पाणी, डोळ्यांवर ताण, आणि मग ते गोड पत्र. ती एक परीक्षा सोडली तर दहावीपासून पुढे एकाही परीक्षेला तो मागच्या वर्षीचे पेपर पाहिल्याशिवाय बसला नव्हता आणि कधी तोंडावर पडला नव्हता.

त्याने लिहिलं, तीन.

विमान उतरल्यावर शेडमध्येच थांबलेला केविन आधी कागदपत्रं करत बसला. पत्ते, डॉक्टरचे दाखले, सह्या. तिघांनी चहा घेतला. गुरुदत्तने चहात आल्याचं बिस्किट बुडवून खाल्लं, कॉलिनने दुसरा कप भरून घेतला. पाऊण तास तरी गेला असेल.

शेवटी केविनने पॅडं मागितली.

"हिने, चार. कॉलिन, चार." तो थांबला. "गुरुदत्त, तीन."

केविनने ती पॅडं पुन्हा एकदा पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. यंदा बदललं होतं! मोरेश्वरच्या नादी लागून हातचं घालवलं होतं. आता ओवीला काय सांगायचं?

"मलाही चार दिसले," तो घाईघाईने म्हणाला. "खरं सांगतो. दरवर्षी तीनच असतात असं मित्राने सांगितलं, म्हणून मी तीन लिहिले. चूक झाली. पण दिसले चारच. हवं तर जागा सांगतो."

"सांग," केविन म्हणाला.

"एक जेटीपाशी. दोन वाळूच्या पट्ट्याजवळ. आणि एक खारफुटीच्या कडेला, हात हलणारा."

हिने आणि कॉलिन, दोघांनीही मान डोलावली.

"म्हणजे अर्धे मार्क तरी द्या," गुरुदत्त कसंनुसं हसत म्हणाला.

केविन उठला होता. त्याने भिंतीवरचा रेडिओ हातात घेतला.

"तुझं उत्तर बरोबर आहे, गुरुदत्त," तो म्हणाला. "सकाळी आम्ही तीनच टाकले होते."