वन्संचं व्हाउचर

“थँक यू, आत्या!” म्हणत उत्कर्षानं ते गुळगुळीत पाकीट घेतलं, टीव्हीवर ठेवलं आणि विषय संपला. सोजरबाईंचा हात तसाच पुढे राहिला. नको नाही, कशाला नाही, काही नाही. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. भावजय मुक्ताई दारातच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं, पण ती जागची हलली नाही.

कात्रजच्या या घरात असं कधी झालं नव्हतं. पूर्वी माहेरून निघताना सोजरबाई भाचीच्या मुठीत नोट कोंबायच्या आणि मुक्ताई झडप घालून त्यांचं मनगट धरायची. “आवो वन्सं, कशाला? न्हाई म्हंजे न्हाई!” नोट सोजरबाईंच्या पिशवीत परत यायची, तिथून मुक्ताईच्या पदरात जायची, पुन्हा पिशवीत. अंगणभर झोंबाझोंबी. भाऊ सोनबा ओट्यावर बसून म्हणायचा, “चालू द्या. कोण जिंकलं ते सांगा.” एकदा तर ओढाताणीत नोटेचे दोन तुकडे झाले. हसून हसून दोघी खालीच बसल्या, पीएमटीची बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि सोजरबाई मुक्कामाला राहिल्या. काय दिवस होते ते! नोट शेवटी कुणाकडे राहायची, कुणाला आठवतंय?

मग रानात बिल्डर आले. जमिनीला सोन्याचा भाव आला. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडते, असं बहिणीनं लिहून द्यायचं होतं. सोजरबाईंनी सही करायला जरा वेळ लावला. त्यांना गुंठाभरसुद्धा नको होता. भावानं एकदा घरी येऊन दोन शब्द विचारावेत, एवढंच मनात होतं. शेवटी केली सही. पण तोवर मुक्ताईच्या तोंडून निघून गेलं होतं, “वन्संना आता भावापरीस गुंठा मोठा झाला.” झालं! बोलणं तुटलं ते तुटलंच. गेल्या साली सोनबाही गेला. दहाव्याला दोघी शेजारी बसून रडल्या, पण एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

आता उत्कर्षाला कंपनीत नोकरी लागली, आणि त्या गुणी पोरीनं स्वतः फोन करून आत्याला पेढे खायला बोलावलं. भाऊ गेला, त्यात भावजयही तुटली तर माहेर उरलं कुठं? आज जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा या दारात यायला तोंड नव्हतं. विश्रांतवाडीहून निघताना सोजरबाईंनी कोरी नोट काढूनही ठेवली होती. पण लेक साईनाथ पडला सॉफ्टवेअरवाला. “आई, नोटा काय कोंबतेस हातात? ऑड दिसतं ते. हे व्हाउचर दे. मॉलमधल्या दुकानाचं आहे, तिला आवडेल तो ड्रेस घेईल ती.” शिकलेला लेक सांगतोय म्हणून सोजरबाईंनी ऐकलं. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. नोट असती तर मुक्ताई धावली असती. या चकचकीत कागदासाठी कोण झोंबणार?

चहा झाला. पेढा झाला. उत्कर्षानं कुंकू लावलं. “येते,” म्हणून सोजरबाई उठल्या. फाटकापाशी उगाचच वाकून चपलेचा अंगठा नीट केला, पदर नीट केला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मागून कुणी आलं नाही.

बसस्टॉपवर पोचल्या तोच हाक आली. “वन्सं! आवो वन्सं, थांबा की!”

मुक्ताई धावत येत होती. पायांत चपला नव्हत्या. हातात तेच पाकीट. पूर्वीचं परत करणं वेगळं आणि आजचं वेगळं, एवढं सोजरबाईंना कळत होतं.

“परत द्यायला आलीस व्हय?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.” मुक्ताईला धाप लागली होती. “पोरगी म्हनती, मैत्रिणींसंगं जाऊन ड्रेस आणते. म्या म्हनलं, गप बस! आत्यानं दिलंय, आत्या संगट असल्याबिगर दुकानाची पायरी चढायची न्हाई.” ती पाकिटाकडे बघत राहिली. “रविवारी याल न्हवं? मी बी येते. त्या गुंठ्याचं बोलले ना वन्सं, तवाच जीभ झडायला पायजे हुती माजी.”

बस आली, थांबली आणि निघून गेली. सोजरबाईंनी हात केलाच नाही. डोळे भरून आले होते. किती वर्षांचं बोलायचं साचलं होतं. पण मनात पहिली आली ती भीतीच त्या बोलून गेल्या.

“त्या मॉलात सरकता जिना असतो म्हनं. मला न्हाई बाई जमायचा.”

“मला तरी कुठं जमतोय?” मुक्ताई म्हणाली. “तुमी माजा हात धरा, मी तुमचा. पडलो तर दोघी पडू.”