बाबांची पहिली चाल

बाबांनी पुन्हा डाव सोडून पानं टाकली. मुलीने ती गोळा केली आणि समोर बसलेल्या मास्तरकडे पाहिलं. आता तरी टाक रे, असं ती मनातल्या मनात विनवत होती.

"मी आहे," मास्तर म्हणाला आणि त्याने हसत हसत पैजेच्या चिप्स पुढे सरकवल्या.

पोकरच्या स्पर्धेचा हा पहिलाच तास. क्लब हौशी, बक्षीस म्हणजे एक पितळी कप. पानं वाटायला माणसं कमी पडली म्हणून तिला या टेबलापाशी उभं केलं होतं, आणि वाटणाऱ्याने खेळाडूंशी बोलायचं नाही असा नियम होता. बाकीच्यांसाठी हा रविवारचा विरंगुळा होता. तिच्यासाठी ही लग्नाची बोलणी होती. मास्तर पोहणं शिकवायचा, तिला त्याच्याशीच लग्न करायचं होतं आणि बाबांनी एकच अट घातली होती. "माणूस पत्त्यांत कळतो. बसव त्याला माझ्यासमोर, मग हो की नाही ते सांगतो." बाबा नाही म्हणाले असते तर तिने लग्न केलं नसतं असं नाही, पण त्या लग्नात तिला मनापासून हसता आलं नसतं.

बाबा लिफ्ट तपासायचे. सगळं ठीक दिसलं तरी आणखी एकदा तपासायचं आणि मगच सही करायची. पत्तेही ते तसेच खेळत, म्हणून क्लबात त्यांना सगळे 'कुलूप' म्हणत. सुरुवातीलाच उगाच मान कशाला अडकवा, चांगलं पान येईपर्यंत हाताची घडी घालून बसावं, असं त्यांचं मत. मास्तरचं गणित नेमकं उलटं. सुरुवातीला डाव स्वस्तात बघायला मिळतात तर बघून घ्यावेत, माणसं तरी कळतात. म्हणून तो पंजा-तिर्रीवरही आत शिरायचा, हरला की पानं सगळ्यांना दाखवायचा आणि आपणच मोठ्याने हसायचा. जपून खेळ म्हणून तिने त्याला दहादा बजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

"काय मास्तर," बाबा म्हणाले, "तुम्हाला नकोसं वाटेल असं पान अजून छापलंच नाही वाटतं कुणी."

टेबल हसलं. मास्तरही हसला. तिला काही हसू आलं नाही.

तिने पुढचा डाव वाटला. मास्तरने लगेच चाल वाढवली, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. पण या वेळी बाबांनी पानं टाकली नाहीत. त्यांनी चष्मा वर सारला आणि दोन्ही हातांनी आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

"कुलूप उघडलं. पळा," शेजारचा दंतवैद्य म्हणाला आणि चटका बसल्यासारखी त्याने पानं सोडली. बाकीच्यांनीही टाकली. उरला एकटा मास्तर. तोही सगळ्या चिप्स लावून बाबांच्या अंगावर गेला आणि हरला, तर पहिल्याच तासात त्याचा गाशा गुंडाळला जाणार होता. अशा उधळ्या माणसाला बाबा हो म्हणणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

मास्तर आज पहिल्यांदाच गंभीर झाला. त्याने पानं पाहिली, बाबांकडे पाहिलं, पुन्हा पानं पाहिली. मग टाकली. तिच्या जिवात जीव आला. पण सवयीप्रमाणे त्याने ती दाखवूनच टाकली होती. बदामचा राजा आणि किलवरचा राजा. या जोडीच्या वर फक्त एक्क्यांची जोडी.

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "राजांची जोडी टाकलीत? सासऱ्याची मर्जी राखायला मुद्दाम हरणारा जावई मला नको."

झालं, संपलं, असं तिला वाटलं. ती काहीतरी बोलणार होती, पण नियम आठवून तिने ओठ मिटले.

"मर्जीबिर्जी काही नाही, काका," मास्तर म्हणाला. "तासभर तुम्ही एकही चाल केली नाहीत, मी बघत होतो. असा माणूस सगळं पुढे ढकलतो, तेव्हा त्याच्याकडे एक्केच असणार. मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

डाव बाबांचा होता. पानं दाखवायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. तिने ती घ्यायला हात पुढे केला, तर बाबांनी पानांवर बोट दाबून धरलं. त्यांचे कान लाल झाले होते. बाबांना ओशाळलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखी रद्दीच घेऊन आलात," ते मास्तरला म्हणाले. "म्हटलं, द्यावं घाबरवून." आणि त्यांनी पानं उलटली. इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री. या खेळात याहून भिकार पानं हाती येत नाहीत.

दंतवैद्याने हसू दाबायला रुमाल तोंडावर धरला. बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते मुलीकडे वळले.

"घरात एक थापाड्या आहे तेवढा पुरे," ते म्हणाले. "जावई हाच बरा."