खापरावरचा अंगठा

हयातीच्या दाखल्यासाठी सकाळी मंजुळाबाईंनी अंगठा लावला, तो मशीनवर उमटलाच नाही. कारकून हसला. "अक्का, मशीन म्हणतं तुम्ही नाहीतच."

"मंग हाई कोन बोली ऱ्हायनं, भाऊ?"

दुपारी सून रत्ना त्यांना धुळ्याच्या संग्रहालयात घेऊन गेली. रोमन काळाचे संशोधक कै. देवरे सर यांच्या गौरवाचं प्रदर्शन होतं. सरांनी उकरलेली खापरं तीस वर्षं मंजुळाबाईंनीच धुतली होती.

त्यातल्याच एका रोमन सुरईच्या मुठीवर कुंभाराच्या अंगठ्याचा पुसट ठसा असायचा. आज तो ठसठशीत होता, अन् त्यात विळ्याचा तिरपा व्रण होता. मंजुळाबाईंच्या अंगठ्यावर होता तोच.

"बघू," म्हणत रत्नाने सासूचा अंगठा उजेडात धरला. तो गुळगुळीत होता. रेघ नाही, व्रण नाही.

काचेआड, शेजारच्या कोऱ्या खापरावर, हळूहळू तर्जनी उमटत होती.