तळ्याखालचं घर

फिल्म संपली आणि शाळेचा हॉल टाळ्यांनी दणाणला. फिल्म स्वमग्न अन्वितावरच होती, तिच्या दादाने काढलेली. तिचा डबा रोज लपवणाऱ्या मुलीही टाळ्या पिटत होत्या.

अन्विताने कान दाबून धरले होते. सगळा वर्ग ऑनलाइन खेळायचा त्या गेममध्ये तिने तळ्याखाली घर बांधलं होतं. त्याची वाट तिने एकट्या दादाला दाखवली होती. दादाने ती पडद्यावर सगळ्यांना दाखवली.

घरी येऊन तिने गेम उघडला, तर त्याच मुली भिंती फोडत होत्या.

"जाऊ दे गं," मागून दादा म्हणाला. "दुसरं बांधू. या वेळी कोणाला दाखवणार नाही."

"मी आता खेळत नाही," ती म्हणाली.

तो जाताच तिने गेममधला दूरचा डोंगर नव्या घरासाठी खणायला घेतला. दादाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.