कागदावर मोकळी

“कबूल करू द्या,” सरकारी वकील टिकाराम वकिलाला म्हणाले. “आत काढलेले दिवस शिक्षेत धरून घेतील. संध्याकाळी बाई घरी.”

टिकारामने मान हलवली आणि तो साकोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आला. त्याची पक्षकार पेमा खांबाला टेकून बसली होती. तिच्याबरोबर जेलातून आलेली शिपाई कुंताबाई शेजारीच होती.

पेमा गोठणगावच्या तिबेटी वस्तीतली. नागपूरच्या दवाखान्यात नवरा शेवटच्या घटका मोजतोय असा निरोप आला तो रविवार होता. परवानगीचा कागद देणारं ऑफिस बंद होतं. विकायच्या स्वेटरांचं गाठोडं घेऊन ती तशीच बसमध्ये चढली. परदेशी माणसाने परवानगीशिवाय वस्ती सोडायची नाही, म्हणून हायवेवरच्या एका ठाण्याच्या फौजदाराने तिला बसमधून उतरवलं. अटकेची नोंद न करता कोठडीत ठेवलं. गाठोड्यातले स्वेटर ठाण्यात वाटले गेले. मग शुक्रवारी त्याने कागद केला : आजच पकडली.

वस्तीत कोणाच्याच नावावर जमीन नव्हती, त्यामुळे जामीनदार मिळाला नाही.

सरकारी वकिलाचं बोलणं पेमाला सांगायचंच नाही, असं टिकारामने व्हरांड्यात येता येता ठरवलं होतं. आणीबाणीत याच फौजदाराने त्याला त्याच्याच पक्षकारांसमोर बनियनवर ठाण्याचं अंगण झाडायला लावलं होतं. झाडून झालं की शिपायांकडून पुन्हा पालापाचोळा टाकवला होता. आणीबाणी उठली, सरकार बदललं, तरी तो झाडू टिकारामच्या हातातून सुटला नव्हता. आज कुठे संधी आली होती. ठाण्यासमोर मासोळ्या विकणारी रेवताबाई ढिवरीण साक्ष द्यायला तयार होती. टोपली घरी ठेवून ती सकाळच्या बसने आली होती.

“रोज पाह्यलं मी हिले गजाआड,” ती म्हणत होती. “पाणी मीच नेऊन देत होतो.”

खटला चालला तर फौजदाराला पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं. कबुलीने सगळंच मिटलं असतं.

“काय म्हणे तो वकील?” पेमाने विचारलं. बाजार फिरून फिरून तिला इकडची बोली येत होती.

टिकाराम तिच्यासमोर उकिडवा बसला. मनात ठरवलेलं खोटं तोंडातून निघेना.

“गुन्हा कबूल केला तं आज सुटशील, बाई. नाही म्हटलं तं पुढची तारीख. महिना तरी जेलात राहा लागन.”

“कबूल कर, माय,” कुंताबाई हळूच म्हणाली. “घरी जाय.”

“अन् त्याचं काय होते?” पेमाने हनुवटीने दाखवलं. समोर आंब्याच्या झाडाखाली फौजदार कोणाशी तरी हसत बोलत होता.

“त्याचं काही होत नाही. त्याचा कागद खरा ठरते.”

“कागदावर मी कोन्त्या दिवशी पकडल्या गेलो?”

“शुक्रवारी.”

पेमाचा नवरा बुधवारी गेला होता. उशाशी आपलं माणूस नव्हतं. अग्नी परक्यांनी दिला. नंतर दीर जेलात भेटायला आला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं : रविवारी निघालीस, तर पोचली का नाहीस? तिने सांगितलं ते त्याला पटलं नाही. मी कागद पाहून आलो, म्हणाला, आणि पुन्हा आला नाही.

“म्हंजे बुधवारी मी मोकळी होतो,” पेमा म्हणाली.

“कागदावर, हो.”

“नवरा मरून राहिला होता, अन् मी बाजारात सेटर विकून राहिलो होतो.”

टिकारामला मान वर करवेना. ठाण्याचं ते अंगण त्याला एकाएकी फार लहान वाटलं.

“माझाही याच्यावर राग आहे, बाई,” तो म्हणाला. “म्हणून माझ्या भरवशावर ठरवू नको.”

“तुमचा राग तुमी पाहा,” पेमा म्हणाली.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटने तिला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. सरकारी वकील दुसऱ्या खटल्याचे कागद काढू लागले होते.

“नाही,” पेमा म्हणाली.

सरकारी वकिलांनी टिकारामकडे पाहिलं. टिकाराम उठला. आरोपीला रविवारपासून डांबून ठेवलं होतं, साक्षीदार हजर आहे, ठाण्याची डायरी मागवावी, असं तो एका दमात बोलून गेला. इतक्या वर्षांत त्याने मनात घोळवलेलं मोठं भाषण त्याला आठवलंच नाही. मॅजिस्ट्रेटने रेवताबाईचं नाव लिहून घेतलं आणि हुकूम दिला : पुढच्या तारखेला फौजदाराने डायरी घेऊन साक्षीला हजर राहावं.

पेमाला व्हरांड्यात आणलं, तोवर फौजदार तिथे येऊन उभा होता. हसू गेलं होतं.

“वकीलसाहेब, जामीनदाराचं मी पाहतो. आजच बाईला बाहेर काढू. डायरीचं कायले काढता?” मग तो पेमाकडे वळला. “तू तरी समज, बाई. एका शब्दासाठी कायले महिनाभर आत बसतेस?”

याला उत्तर द्यायची टिकारामला फार इच्छा झाली. त्याने ती गिळली.

पेमाने झग्याची धूळ झटकली.

“मी आत बसतो, साहेब,” ती म्हणाली. “तुमी बाहेर बसा, तारीख मोजत.”

आणि ती कुंताबाईच्या पुढे होऊन जेलच्या गाडीकडे चालू लागली.