फ्रँकची पाटी

"अंडी सहा डॉलर डझन, विमा दुप्पट, आपला कारखाना मेक्सिकोत. तरी हा वेडा पुन्हा त्याच पक्षाला मत देणार!" खिडकीतून शेजारच्या अंगणातली फ्रँकची प्रचाराची पाटी बघत मोरेश्वरराव करवादले. वाऱ्याने ती आडवी झाली होती.

"अहो, पडलीय ना? मग खूश व्हा की," बायको म्हणाली.

त्यांना खूश होता येईना. डेट्रॉइटच्या त्या कारखान्यात त्यांनी आणि फ्रँकने सत्तावीस वर्षं काढली होती. दर निवडणुकीला ते दोन्ही अंगणांत दोन पक्षांच्या पाट्या ठोकायचे. एक धरायचा, दुसरा हातोडा मारायचा. मग पायरीवर बसून तासन्‌तास भांडायचे आणि सकाळी एकाच गाडीतून कामाला जायचे. गेल्या निवडणुकीत मात्र फ्रँक रागाच्या भरात "तुम्ही बाहेरचे" म्हणून गेला. तेव्हापासून चार वर्षं अबोला. आता त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाटी उचलणार कोण?

मोरेश्वरराव हातोडा घेऊन बाहेर पडले. ज्या पक्षाला ते रोज शिव्या घालत, त्याचीच पाटी ठोकू लागले. एकट्याला जमेना, ती सारखी कलत होती.

त्या घराचं दार उघडलं. वॉकर ढकलत फ्रँक आला आणि त्याने पाटीचा वरचा कोपरा धरला.

"तुझा माणूस देश बुडवणार," मोरेश्वरराव म्हणाले.

"आपला देश तुझ्या माणसाने केव्हाच बुडवलाय."

'आपला' ऐकून मोरेश्वररावांचा घाव चुकला. हातोडा अंगठ्यावर बसला, तरी ते हसतच होते.