समोरच्या गच्चीवर

द्वारकेतल्या आपल्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आला नाही, तर काकासाहेबांचा फायदा एकच होता: गरोदर सून सुनयना ‘त्या रेडिएशन’पासून वाचणार. तेवढ्यासाठी त्यांनी अख्ख्या कमिटीशी वैर घेतलं, येरझारा घालून घरच्यांना हैराण केलं आणि टॉवर समोरच्या इमारतीवर ढकललाच.

तो सुरू झाला त्या दिवशी ते पेढे घेऊन शेजारच्या समताकडे गेले. ती अँटेना डिझाइन करते.

“त्या रेडिएशनने काही होत नाही हो काका,” ती हसली. “पण अँटेना स्वतःच्या पायाखाली फारसा सिग्नल टाकत नाही. सगळा जोर समोर.”

“समोर म्हणजे कुठे?”


तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “बाबा,” सुनयना आनंदाने सांगत होती, “माझ्या खोलीत पहिल्यांदाच फुल रेंज आलीय!”